अवसेचं पांढरं पीस

कार्तिक लागला की मला अजून राग येतो. भात कापून झालेलं असतं, उडव्या रचलेल्या असतात, संध्याकाळ लवकर येऊन पडवीत बसते आणि खाडीकडून ओल्या चिखलाचा वास असलेला वारा सुटतो. लोक म्हणतात, काय छान हवा पडली. मला त्या हवेत जळक्या पिसांचा वास येतो. घरात दुसऱ्या कुणाला तो येत नाही, म्हणून मी बोलत नाही. नुसती भांडी आपटते. सून शेजारणीला सांगते, "आईंक कार्तिक बाधता." सांगू दे. तिचं खोटं नाही.

यंदा त्यात भर म्हणून माझ्या मुलाने, बाबलने, प्लास्टिकचे मासे आणले आहेत. बाबल साठीला टेकला, बँकेतून निवृत्त झाला आणि आता त्याला रात्री खाडीवर गरवायला जायचा, म्हणजे गळ टाकून मासे धरायचा, नाद लागला आहे. पडवीत वर्तमानपत्र पसरून त्याने ते सगळे मांडले. त्यांना डोळे आहेत, कल्ले आहेत, पोटात खुळखुळणारे छर्रे आहेत आणि काही तर अंधारात हिरवे चमकतात. चार दिवसांनी अवस आहे. मला विचारतो, "आये, अवसेक खंयचो लावू?"

मी म्हटलं, "माका काय म्हायती!"

हे मात्र खोटं. मला चांगलं माहीत आहे. काळोखाला पांढरं, चांदण्याला काळं, सांजवेळेला तांबडं आणि पाणी गढूळ असेल तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी. हे सगळं मला एका माणसाने शिकवलं. शिकवायचा त्याचा विचार नव्हता आणि शिकायचा माझा नव्हता. भांडता भांडता कानावर पडलं ते राहिलं.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणायची. तरुणपणी ते गलबतावर तांडेल होते, कालिकतपासून कराचीपर्यंतचं पाणी त्यांनी बघितलेलं. गलबतं बंद पडत चालली तसे घरी येऊन बसले आणि सगळा तांडेलपणा आमच्यावर काढायला लागले. सासू मी येण्याआधीच गेलेली. माझे यजमान मुंबईला गोदीत. म्हणजे घरात मामंजी, मी, एक म्हैस आणि माझ्या कोंबड्या. त्यांना हुकूम सोडायला बाकी कोण होतं? म्हैस ऐकत नसे.

मी आंबोलीच्या पायथ्याची. आमच्याकडे पाऊस असा की चार महिने अंथरूण वाळत नाही, पण समुद्र मी लग्नात पहिल्यांदा बघितला. मराठी सातवी झालेली होते, तोंडाला धार होती आणि सासऱ्यासमोर मान खाली घालून बोलायचं हे आईने शिकवूनसुद्धा मला जमलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्याच कार्तिकात मामंजी तिन्हीसांजेला दोऱ्याचं रीळ खांद्याला अडकवून निघाले. भाकऱ्या किती टाकायच्या हे कळावं म्हणून मी दारातून सहज विचारलं, "मामंजी, खंय चाललात?"

ते जागच्या जागी थांबले. बाहेर पडणाऱ्याला 'कुठे' विचारू नये हे आमच्या डोंगरातही पाळतात, पण तिथे फार तर माणूस पाणी पिऊन पुन्हा निघतो. इथे गरवायला निघालेल्याला 'खंय' विचारलं की त्या दिवशीचा मासा गेला. तो माणूस घरी परततो आणि पुन्हा निघत नाही. मामंजी परतले. रीळ खुंटीला मारलं आणि समोर कुणी नसताना मोठ्याने म्हणाले, "डोंगरातलां चेडू घरात हाडलां, आता मासो कसो गावतलो!"

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते कालवणात मीठ जास्त झालं म्हणून. त्या दिवसापासून आमचं जे सुरू झालं ते कधी थांबलंच नाही. मला वाटायचं, हा म्हातारा माझ्या वाईटावर आहे. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार. दोघांचंही फारसं चुकत नव्हतं.

पिसं बांधायचं काम माझ्याकडे आलं ते त्यांची बोटं थरथरायला लागली म्हणून. दुपारी जेवणं झाली की पडवीच्या कट्ट्यावर पत्र्याचा बिस्किटांचा डबा उघडायचा. त्यात गळ, मेण लावलेला दोरा, आणि माझ्याच कोंबड्यांची पिसं. गळाच्या दांड्याला दोन लांब पिसं पाठीला पाठ लावून धरायची, वर आखूड पिसांचा झुपका, आणि दोऱ्याचे घट्ट वेढे. पाण्यातून ओढलं की ते पीस मासळीसारखं वळवळलं पाहिजे. वळवळलं नाही तर पुन्हा सोडायचं. नायलॉनची दोरी तेव्हा गोव्याहून चोरून यायची, गोवा अजून पोर्तुगीजांचा होता. मामंजी ती दोरी सोन्याच्या गोफासारखी कपाटात ठेवत. मला हात लावू देत नसत. पिसं मात्र माझ्याकडून बांधून हवी असत.

आणि बांधून दिलं की भांडण.

"ह्यां पीस मळकां कित्या?"

"मळकां खंयचा? पांढराफेक आसा."

"माका काळां दिसता."

"मगे तुमचे डोळे तपासून घेवा."

हे मी रागाने बोलत होते. प्रत्येक पिसाला हेच. पांढरं दिलं की म्हणणार काळं, तांबडं दिलं की म्हणणार मातकट. मी ठणकावून सांगायची, हे तांबडं आहे, माझ्या कोंबड्याच्या मानेचं आहे, मी स्वतः उपटलं आहे. मग ते गप्प व्हायचे आणि वर आणखी अपमान म्हणून माझ्या गाठीवर आपली गाठ मारत बसायचे. कधी एक, कधी दोन, कधी तीन. थरथरत्या बोटांनी अर्धा अर्धा तास.

"माज्या गाठीक काय झाला?" मी एकदा विचारलंच.

"तुज्यो गाठी डोंगरातल्यो. लाकडाची मोळी बांधूक बऱ्यो."

मी तो डबा त्यांच्या पुढ्यात आदळला आणि गोठ्यात जाऊन म्हशीला सगळं सांगितलं.

एके दुपारी मला बोलायचाही कंटाळा आला होता. आदल्या महिन्यात माझं दुसऱ्यांदा पोट पडलं होतं, अंगात त्राण नव्हतं. मी पीस बांधलं आणि मुकाट्याने पुढे केलं. त्यांनी घेतलं. "मळकां दिसता," म्हणाले. मी गप्प. "काळां काय ह्यां?" मी गप्पच. ते पीस हातात धरून बसून राहिले. डोळे माझ्याकडे होते, पण माझ्या तोंडावर नव्हते, कानाच्या थोडे बाजूला कुठेतरी होते. "काय गो," शेवटी म्हणाले, "मिठाची गुळणी धरलंस काय?" त्या आवाजात भांडण नव्हतं. घाबरलेला आवाज होता तो.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. सावल्या दिसत असतील, उजेड-अंधार कळत असेल, रंग गेले होते. आणि ते कुणाला कळू नये म्हणून माझ्याशी भांडून माझ्याच तोंडून ते रंग काढून घेत होते. आख्ख्या खाडीकाठाला ज्याच्या नजरेचं कौतुक, पाणी बघून पीस निवडावं तर तांडेलानेच असं ज्याच्याबद्दल म्हणत, त्या माणसाची ही गत होती.

"पांढरां," मी म्हटलं.

मी हे कुणाला सांगितलं नाही. दया आली म्हणून नाही, स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायचं माझं वय आता गेलं. मला ते हातात ठेवायचं होतं. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून बाई चुलीत एक निखारा राखेखाली ठेवते, तसं.

खाडीच्या तोंडाशी एक काळा कातळ आहे. भरतीला त्याच्या तीन बाजूंनी पाणी असतं. रात्रीचे तिथे बसायचे मामंजी. वाट त्यांच्या पायांना पाठ होती. अंधारात पीस फेकायचं आणि हळूहळू ओढत आणायचं. कार्तिकात पाण्याला तेज असतं, दोरी जिथे कापत येते तिथे निळसर रेघ उठते. ही रेघ मी एकदाच बघितली, त्यांना जेवणाचा डबा द्यायला गेले होते तेव्हा. त्यांनाही ती दिसत असेल का, हे विचारायची तेव्हा हिंमत नव्हती. चोणक लागला की मात्र सगळं बोटांवर. चोणक म्हणजे खाडीतला मानी मासा, पाण्याबाहेर उडी मारून गळ झाडून टाकणारा. तो आणला की मामंजी गावातल्या मोठ्या वाटेने घरी येत, जवळची पायवाट सोडून.

त्या वर्षी जत्रेसाठी आमचे हे दहा दिवसांची रजा काढून आले. गावात शिरता शिरताच कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं की तांडेल परवा बांधावरून पडला. रात्री जेवताना ह्यांनी विषय काढला.

"बाबानू, डोळे गेले तुमचे. मुंबयत आपरेशन करतत. माज्या वांगडा चला."

"आदी तुज्या डोळ्यांचा कर," मामंजी म्हणाले.

"ही म्हणता काय बघा. गो, तूच सांग, दिसता ह्यांका?"

दोघांनी माझ्याकडे तोंड केलं. मी भात वाढत होते. म्हटलं, "माका काय इचारतात? तुमी बापूस-झील बघा." मामंजींच्या खांद्यावरचा ताण सैल झालेला मला दिसला.

मग त्यांनी पैज लावली. तांडेलच ते. "अवसेपर्यंत चोणाक हाडलंय तर तू गप रवायचा, पुना हो विषय काढूचो नाय. नाय हाडलंय तर येतंय तुज्या वांगडा, आणि तू म्हणशीत थंय पडान रवतंय."

अवसेला सहा दिवस होते. सहा रात्री आणि एक मासा, त्यावर त्यांचा कातळ, त्यांची खाडी, त्यांचं घर. मुंबईत त्यांचं काय होईल हे मला कळत होतं. एका खोलीत सात माणसं आणि दाराबाहेर गटार. पाच रात्री गेल्या. कातळाच्या कपारीत अडकून पांढरी पिसं एकामागून एक तुटली. एक चोणक लागला तो उडी मारून सुटला. अवसेच्या दिवशी डब्यात एकही धड पांढरं पीस नव्हतं.

माझा एक पांढरा कोंबडा होता. दुसऱ्यांदा पोट पडलं तेव्हा मी गावाची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, नवस बोलले होते, तिसऱ्याला टिकू दे, हा पांढरा तुला देईन. असा बोललेला कोंबडा अंगाने धड लागतो. पिसाला सुद्धा धक्का चालत नाही. म्हणून त्याच्या पायाला तांबडा दोरा बांधला होता, घरात सगळ्यांना सांगितलं होतं.

त्या दुपारी मी मागच्या पाणंदीतून सरपण घेऊन आले तर मामंजी कट्ट्यावर बसलेले आणि त्यांच्या मांडीवर पांढऱ्या शेपटीची पिसं. कोंबडा अंगणात बोडक्या ढुंगणाने ओरडत फिरत होता. पायाला दोरा तसाच.

"ह्यां घे," ते म्हणाले. "दोन बांध. बेगीन."

मला आजही सांगता येईल तो क्षण. मला कळलं होतं की त्यांना तो दोरा दिसला नाही. पांढरा कोंबडा त्यांना दिसला असेल, पांढरा ठिपका म्हणून, दोरा नाही. दुसरा पांढरा कोंबडा शेजारच्या आवारात होता, त्यांनी तोच समजून धरला असेल. हे सगळं मला त्याच वेळी कळलं होतं. तरी माझ्या पोटात जे पेटलं ते विझलं नाही. माझं न झालेलं पोर त्या शेपटीबरोबर उपटलं, असं मला झालं. आणि हे ओरडून सांगायचं तर ह्यांच्यासमोर सांगावं लागलं असतं, तुम्हाला दोरा दिसला नाही म्हणून. म्हणजे पैज तिथेच संपली असती. मी ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी पिसं उचलली, आत गेले आणि चुलीत टाकली. पिसं जळतात तेव्हा घरभर वास सुटतो, केस जळाल्यासारखा, त्याहून कडू.

"काय जळता गो?" बाहेरून आवाज आला.

"केस. केरात होते."

मग मी डब्यातलं एक काळं पीस उचललं. जवळजवळ न वापरलेलं. तिन्हीसांजेला ते रीळ घेऊन उभे राहिले तेव्हा मी ते त्यांच्या हातात ठेवलं.

त्यांनी ते बोटांत फिरवलं. गळापासून टोकापर्यंत आणि पुन्हा गळापर्यंत. बराच वेळ.

"पांढरां मां?"

"पांढरां."

"तू म्हणतंस तर पांढरां," म्हणाले, आणि पायऱ्या उतरले.

अवसेच्या काळोखात काळं पीस म्हणजे पाण्यात काही टाकलंच नाही असं. ते अंगण ओलांडत होते तेव्हा माझ्या तोंडाशी एक शब्द आला होता. 'खंय?' एवढंच विचारलं असतं तर ते परत फिरले असते. शिव्या घातल्या असत्या, रीळ आदळलं असतं, पण त्या रात्री गेले नसते, आणि न गेलेली रात्र पैजेत धरता आली नसती. दुसऱ्या कोंबड्याची पिसं मिळाली असती. मी दाराची चौकट धरून उभी होते. कोंबडा अजून ओरडत होता. मी तो शब्द गिळला.

पहाटे ते रिकाम्या हाताने आले, पायवाटेने. अंगण झाडत होते मी. माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाले, "चल. कधी जावचा ता सांग." दोन दिवसांनी गेले. जाताना तो डबा बगलेत घेतला. मला एक अक्षर बोलले नाहीत.

घर शांत झालं. भाकऱ्या किती टाकायच्या हे आता कुणाला विचारायला नको होतं. मला फार बरं वाटेल असं वाटलं होतं. दुपारी कट्ट्यावर बसले की तोंड शिवशिवायचं आणि समोर कुणी नसायचं, याचाही मला त्यांच्यावरच राग यायचा.

पुढच्या वर्षी बाबल झाला. राखणदाराला मी शेजारचा कोंबडा विकत घेऊन दिला, त्याने चालवून घेतलं. मुंबईला कळवलं तर ह्यांच्या पत्रात खाली एक ओळ होती, 'बाबा विचारतात, पोराचे डोळे बरे आहेत ना.' एवढंच विचारलं त्यांनी. पोर कुणासारखं आहे नाही, मी कशी आहे नाही. मला ते टोमणा वाटलं. मी उत्तर दिलं नाही. त्यांचं ऑपरेशन झालं, एक डोळा आला, बघायला समोरच्या चाळीची भिंत. पोराला घेऊन जायचं ठरत होतं, त्याआधीच ते गेले. डबा परत आला तो मी माळ्यावर टाकला आणि जवळजवळ साठ वर्षं खाली काढला नाही.

यंदा बाबलने काढला. नवीन मासे आणि जुनी पिसं शेजारी शेजारी मांडली. बँकेतला माणूस, त्याला मोजायची सवय.

"आये, गंमत बघ. पांढऱ्याक एक गाठ. काळ्याक दोन. तांबड्याक तीन. सगळ्यांक तशीच. आजोबान खूण केल्यान ही."

"आण हयसर," मी म्हटलं.

पांढऱ्यांचे नुसते झडलेले दांडे उरले होते. बोटाने चाचपून बघितलं. एक. एक. एक. काळ्यांना दोन. माझी घट्ट डोंगरातली गाठ, आणि तिच्यावर त्यांच्या थरथरत्या गाठी. तळाशी धोतराच्या चिंधीत गुंडाळलेलं एक वेगळं होतं. काळं, नव्यासारखं, अजून नायलॉनच्या दोरीचा तुकडा अडकलेलं. मी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं. दोन.

म्हणजे त्यांना कळलं होतं. पायरी उतरण्याआधीच कळलं होतं. मी पांढरं म्हटलं की एक गाठ, काळं म्हटलं की दोन, असं करत ते इतके दिवस माझ्या शब्दावर गाठ मारत आले होते. त्याच बोटांनी त्यांनी त्या संध्याकाळी माझं खोटं वाचलं, आणि तेच पाण्यात घेऊन गेले. रात्रभर ओढत बसले. जगात मला कुणी इतकं वाईट बोललं नाही जेवढं तो म्हातारा न बोलता बोलून गेला. आणि आता भांडायला तो नाही. याबद्दल मी त्यांना माफ करणार नाही. त्यांनी मला केलं का ते त्यांनाच ठाऊक.

बाबल तिन्हीसांजेला निघाला. हिरवा चमकणारा मासा दोरीला लावलेला, डोक्याला बॅटरी, पायात बूट. अंगण ओलांडून बेड्याशी, आवाराच्या फाटकाशी, पोचला होता. मी दाराची चौकट धरून उभी होते.

"बाबल," मी हाक मारली. "खंय चाललंस रे?"

तो जागच्या जागी थांबला. मागे वळला तेव्हा त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. बूट काढून त्याने पायरीवर आपटले आणि कट्ट्यावर येऊन बसला.

"आये, तुका म्हायती आसा मां? मुद्दाम इचारलंस?"

"होय," मी म्हटलं. "आदीच इचारूक व्हया होता."